लॉर्ड ऑफ द रिंग्ज आज पुन्हा बघितली तर टिकते का? एका कॉम्पोझिटरचं सविस्तर उत्तर

प्रश्न असा आलाय की शाळा-कॉलेजात असताना लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तिन्ही भाग वेड्यासारखे बघितले होते, आता मुलगी अकरा वर्षांची झालीय, तिला दाखवायचेत, पण धाकधूक वाटते की इफेक्ट्स जुनाट दिसतील, आपल्यालाच कंटाळा येईल आणि जपून ठेवलेली आठवण खराब होईल. तर हे पिक्चर आज टिकतात का, आणि थिएटरमधली साधी व्हर्जन बघायची की एक्स्टेंडेड, म्हणजे कापलेले सीन परत घालून काढलेली लांब व्हर्जन?

आधी उत्तर देतो, मग कारणं. टिकतात. पहिला भाग तर मला आज जास्तच आवडतो, तिसऱ्यात काही जागा अशा आहेत की तिथे आता डोळ्याला खुपतं, आणि दुसऱ्यात मधला अर्धा तास रेंगाळतो. पण एकूण हिशोब केला तर गेल्या पंचवीस वर्षांत एवढ्या मोठ्या आकाराची आणि इतकी मनापासून केलेली फँटसी दुसरी झालेली नाही असं माझं ठाम मत आहे, आणि मी हे फक्त फॅन म्हणून म्हणत नाहीये, माझं पोटच या कामावर चालतं म्हणून म्हणतोय.

मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे पिक्चरच्या व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये, कॉम्पोझिटिंग करतो, बरीच वर्षं झाली. म्हणजे कलाकार एकीकडे शूट झालेला, मागचा डोंगर दुसरीकडचा, राक्षस कॉम्प्युटरवर बनलेला, धूर तिसऱ्याच कुणी शूट करून ठेवलेला, हे सगळे तुकडे एका शॉटमध्ये असे बसवायचे की एकाच कॅमेऱ्याने एकाच वेळी टिपल्यासारखे वाटले पाहिजेत. त्यामुळे पिक्चर बघताना माझी नजर आधी कडांवर जाते, मग सावल्यांवर, आणि मग पायांवर. पाय जमिनीवर टेकतायत का? पाऊल पडलं तर माती दबते का, धूळ उडते का? जुने इफेक्ट्स सगळ्यात आधी तिथे उघडे पडतात. टेक्श्चर थोडं मऊ दिसलं, रिझोल्यूशन कमी वाटलं तर प्रेक्षक माफ करतो, पण वजन नसलं की कुणीही ओळखतं, अकरा वर्षांची मुलगी पण ओळखते, तिला कारण सांगता येणार नाही एवढंच.

ही ट्रिलॉजी जिथे जिथे टिकलीय तिथे वजन आहे आणि जिथे जिथे ढासळलीय तिथे वजन सुटलंय, हे मला दरवेळी बघताना आणखी स्पष्ट दिसतं. आणि गंमत म्हणजे कथेच्या बाबतीतही अगदी तसंच आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

पहिल्या भागापासून सुरू करू. २००१ सालचा पिक्चर आहे, तिन्ही भागांचं मुख्य शूटिंग सलग, ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० असं न्यूझीलंडमध्ये झालं. म्हणजे ज्या काळात आपल्याकडे घरी इंटरनेट लावायला मोडेम कर्कश आवाज करायचा त्या काळातलं हे काम. पहिल्या भागात इफेक्ट्सचे शॉट्स साडेपाचशेच्या आसपास आहेत, तिसऱ्यात जवळजवळ दीड हजार. मला वाटतं पहिला भाग सगळ्यात ताजा का दिसतो याचं अर्धं कारण या आकड्यांतच आहे. शॉट कमी होते, म्हणून प्रत्येकाचा विचार जास्त झाला, आणि जिथे कॉम्प्युटरशिवाय भागत होतं तिथे कॉम्प्युटर वापरलाच नाही.

बॅग एंडमधला प्रसंग घ्या, बिल्बो या हॉबिटचं घर. गँडाल्फ हा जादूगार उंच, हॉबिट म्हणजे बुटकी माणसं, त्याच्या कमरेएवढी. आज असा शॉट आला तर आम्ही काय करू, एकाला ग्रीन स्क्रीनसमोर उभं करू, दुसऱ्याला वेगळं शूट करू, लहान करू आणि चिकटवू. इथे त्यांनी घरच दोन मापांत बांधलं, एक मोठं हॉबिटांसाठी, एक छोटं गँडाल्फसाठी, त्यामुळे छोट्या घरात गँडाल्फ झालेला इयान मॅककेलन खरोखर वाकून चालतोय. तो झुंबराला धडकतो आणि वळताना डोकं तुळईवर आपटतं, ते आपटणं खरं आहे, ठरवलेलं नव्हतं, दिग्दर्शक पीटर जॅक्सनने ते तसंच ठेवलं. ग्रीन स्क्रीनवर कुणाचं डोकं कशाला आपटणार, तिथे तुळईच नसते. आणि दोघं टेबलाशी बसून बोलतात तो शॉट तर माझ्यासारख्या माणसाने थांबवून थांबवून बघावा असा आहे. जुनी युक्ती अशी की एकाला कॅमेऱ्याजवळ बसवायचं, एकाला लांब, कॅमेऱ्यातून दोघं शेजारी शेजारी वाटतात, फक्त लांबचा लहान दिसतो. पण या युक्तीत कॅमेरा हलवता येत नाही, हलला की फसवणूक लगेच कळते. यांनी कॅमेरा हलवला. टेबल दोन तुकड्यांत, दोन मापांत बनवलं आणि कॅमेरा सरकतो त्याच्याबरोबर एक कलाकार, त्याची खुर्ची आणि त्याचा टेबलाचा तुकडा मोजून मापून सरकतो, म्हणजे लेन्समधून बघताना सांधा कायम जुळलेला राहतो. या शॉटमध्ये म्हातारं होण्यासारखं काही नाहीच! लाकूड आहे, मेणबत्त्यांचा उजेड आहे, दोन माणसं आहेत. चार दशकांनीही हा शॉट असाच दिसेल.

मिनिएचर्सचंही, म्हणजे छोट्या मापाच्या मॉडेल्सचंही, तेच. मिनास तिरिथ हे पांढरं शहर १:७२ मापात बांधलेलं मॉडेल होतं, हेल्म्स डीप या किल्ल्याची तर दोन मॉडेल्स, एक १:३५ आणि एक बऱ्याच मोठ्या १:४ मापाचं. आणि त्याशिवाय वेलिंग्टनजवळच्या एका दगडाच्या खाणीत किल्ल्याचा खऱ्या मापाचा सेट, ज्याचं नंतर मिनास तिरिथच्या रस्त्यांत रूपांतर केलं. खऱ्या वस्तूवर खरा उजेड पडतो तेव्हा खाचाखोचांत सावली आपोआप जाते, दगडाची कड थोडी तुटकी असते, कुणीतरी हाताने रंगवलेला डाग असतो. हे सगळं कॉम्प्युटरवर आजही करता येतं, पण ते कुणीतरी आठवणीने करावं लागतं. एडोरास हे रोहनचं राजधानीचं गाव त्यांनी माउंट संडे नावाच्या टेकडीवर खरोखर बांधलं, पडद्यावर ते थोडाच वेळ दिसतं, पण तिथला वारा बघा. रोहनच्या राजाची भाची एओविन पायऱ्यांवर उभी राहते आणि झेंडा फाटून उडून जातो, तिचे केस, कपडे, मागचं गवत, सगळं एकाच वाऱ्याने हलतंय. स्टुडिओतल्या पंख्याने हे होत नाही, पंखा फक्त केस उडवतो. हॉबिटन या हॉबिटांच्या गावात तर शूटिंगच्या साधारण वर्षभर आधी भाज्या आणि झाडं लावून ठेवली होती, म्हणून ते शेत रुजलेलं दिसतं, काल रोपं आणून खोचल्यासारखं वाटत नाही.

आता गॉलम, जादूच्या अंगठीच्या हव्यासाने बिघडलेला तो कॉम्प्युटरवर बनवलेला प्राणी. याची सगळ्यांना भीती असते की हाच सगळ्यात जुना दिसेल. मला तो अजूनही थक्क करतो. स्किन आज बघितली तर थोडी मेणासारखी वाटते काही उजेडात, केस विरळ आणि चिकटलेले आहेत म्हणून निभावतात, पण डोळे आणि चेहरा अजून जिवंत आहे. कारण त्याचं काम करणारा अँडी सर्किस सीनला तिथे हजर होता, अंगठी घेऊन निघालेले फ्रोडो आणि सॅम हे हॉबिट हवेशी बोलत नाहीयेत, एका माणसाशी बोलतायत, त्याला ढकलतायत, त्याचा गळा धरतायत. चेहऱ्याचं काम त्या वेळी आपोआप टिपलं जात नव्हतं, ॲनिमेटर्सनी सर्किसचं फुटेज समोर ठेवून फ्रेमला फ्रेम जोडत हाताने केलंय. ज्यांना वाटतं ते नुसतं सूट घालून झालं त्यांनी हे लक्षात ठेवावं, त्या चेहऱ्यामागे एक नट आहे आणि ॲनिमेटर्सची अख्खी फौज आहे, दोघांचंही श्रेय आहे. ओढ्यात मासा पकडायला धावतो तेव्हा सर्किस खरोखर गारठणाऱ्या पाण्यात उतरला होता, नंतर त्याला पुसून गॉलम बसवला, पाणी मात्र खरंच राहिलं. कॉम्पोझिटर म्हणून सांगतो, असा शॉट साफ करायचा म्हणजे आठवडेच्या आठवडे जातात, आणि बघणाऱ्याला ते कळतही नाही. कळू नये हेच तर काम.

आणि दुसऱ्या भागात तो स्वतःशीच भांडतो ना, त्याच्यातला जुना भला स्मीगॉल आणि आताचा गॉलम, तो सीन मुलीबरोबर बघाल तेव्हा एडिटिंग बघा. आधी एकाच शॉटमध्ये कॅमेरा सरकतो आणि चेहरा बदलतो. मग हळूच कट सुरू होतात, समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचं संभाषण जसं कापतात तसे, एक इकडे बघतोय, एक तिकडे. आणि आपण मान्य करून टाकतो की इथे दोघं आहेत. यात महागडं काही नाही, शंभर वर्षांची जुनी एडिटिंगची भाषा आहे. एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, पहिल्या भागात मोरिया या जमिनीखालच्या खाणीच्या अंधारात गॉलमची झलक दिसते तो गॉलम थोडा वेगळा आहे, कारण नंतर त्यांनी त्याचा चेहरा सर्किससारखा करून घेतला. मुलीला शोधायला लावा, मजा येईल.

मग खुपतं कुठे? तिसऱ्या भागातली भुतांची हिरवी सेना. ही तेव्हाही मला पटली नव्हती आणि आता तर अजिबातच नाही. पडद्यावर हिरवट प्रकाशाचा लोंढा येतो आणि शहरभर पसरून सगळं साफ करतो, कशालाच लागत नाही, कशानेच अडत नाही. लेगोलास हा एल्फ धनुर्धर हत्तीसारख्या त्या महाकाय प्राण्यावर चढतो आणि एकटाच त्याला पाडून सोंडेवरून घसरत उतरतो, तिथे बघा, त्याच्या शरीराला वजनच नाही, रबरी बाहुल्यासारखा झोके घेतो. दुसऱ्या भागात ढालीवर उभं राहून पायऱ्यांवरून घसरतो तेही त्याच पंगतीतलं, त्या वेळी थिएटरात शिट्ट्या पडल्या असतील, पण आज बघताना युद्धाच्या मधोमध कुणीतरी वेगळ्याच पिक्चरमधला शॉट लावल्यासारखं वाटतं. वॉर्ग या लांडग्यासारख्या जनावरांवर स्वार होऊन ऑर्क्स, म्हणजे शत्रूचे राक्षसी सैनिक, येतात ती लढाईही कच्ची आहे, जनावरांची केसाळ कातडी आणि भर दुपारचं ऊन, दोन्ही एकत्र त्या काळी फार कठीण होतं. ट्रीबिअर्ड या चालत्या-बोलत्या झाडाच्या फांद्यांत बसलेले मेरी आणि पिपिन हे हॉबिट मागच्या जंगलातून वेगळे कापून चिकटवलेले दिसतात. हा शॉट माझ्याकडे आला असता तर मी मागची प्लेट, म्हणजे मागचं शूट केलेलं चित्र, थोडी अंधारली असती आणि पोरांच्या अंगावर पानांची सावली टाकली असती, पण हे आज बोलणं सोपं आहे, त्यांच्याकडे तेव्हाची मशिनं होती आणि डिसेंबरची तारीख डोक्यावर होती.

उलट केव्ह ट्रोल हा गुहेतला राक्षस बघा, पहिल्या भागातला. तोही पूर्ण कॉम्प्युटरचा, आणि सगळ्यात जुना. तरी चालतो. कारण खोली खरी आहे, खांब आहेत, साखळी आहे, तो मारतो तेव्हा दगडाचे तुकडे उडतात, आणि कॅमेरा हातात धरल्यासारखा हलतो, जणू कॅमेरामनही जीव वाचवत पळतोय. बालरॉग हा आगीचा राक्षसही तसाच, त्याच्या अंगावरच्या ज्वाळांसाठी खऱ्या आगीचं फुटेज वापरलंय, आणि त्याचा आवाज बराचसा काँक्रीटचा ब्लॉक लाकडी जमिनीवर फरफटवून काढलाय. वजन कानातूनही येतं, हे पुष्कळ जण विसरतात.

आवाजावरून आठवलं, हेल्म्स डीपबाहेर उरुक-हाय या थोराड ऑर्क्सचं सैन्य गर्जना करतं ती कुठून आली माहितीये? वेलिंग्टनच्या स्टेडियममध्ये न्यूझीलंड-इंग्लंड वनडे चालू होती, मधल्या ब्रेकमध्ये जॅक्सन मैदानावर गेला आणि हजारो प्रेक्षकांकडून त्याने पिक्चरमधल्या ‘ब्लॅक स्पीच’ या शत्रूच्या भाषेतल्या घोषणा म्हणून घेतल्या, पाय आपटून घेतले, छाती बडवून घेतली. क्रिकेटच्या पब्लिकचा आवाज आहे तो! मला ही गोष्ट कळल्यापासून तो सीन लागला की अंगावर काटा येतो, कारण वानखेडेवर बसलेल्या कुणालाही तो गडगडाट ओळखता येईल, दहा माणसांचा आवाज कॉपी-पेस्ट करून तो येत नाही.

आणि हेल्म्स डीपबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय, कारण मोठी लढाई कशी रचायची याचा मला माहीत असलेला हा सगळ्यात चांगला धडा आहे. पुस्तकात ही लढाई एका प्रकरणात उरकते, इथे तासाच्या जवळपास जाईल एवढी जागा दिलीय. मॅसिव्ह नावाचं सॉफ्टवेअर स्टीफन रेगेलसने याच पिक्चरसाठी बनवलं, त्यात प्रत्येक सैनिक आजूबाजूचं बघून स्वतः ठरवतो काय करायचं ते, म्हणून दहा हजारांच्या गर्दीत दोघं एकसारखे हलत नाहीत. हे सगळे सांगतात. पण ती लढाई टिकलीय ती त्यामुळे नाही. लढाई सुरू व्हायच्या आधीची मिनिटं बघा. आधी तरुण पोरांना आणि म्हाताऱ्यांना चिलखतं घालतायत, शिरस्त्राण मोठं होतंय, हातात तलवार धरवत नाहीये. मग तटावर रांग. मग पाऊस सुरू होतो आणि लोखंडावर थेंबांचा टिणटिण आवाज येतो, फक्त तेवढाच. खाली भाले जमिनीवर आपटायला लागतात. आणि एका म्हाताऱ्याचा ताणून धरलेल्या धनुष्यावरचा हात थरथरतो आणि चुकून बाण सुटतो. एक उरुक पडतो. खालचा सगळा गोंगाट थांबतो. मग डरकाळी. म्हणजे एवढी मोठी लढाई एका थकलेल्या हाताने सुरू होते! कॅमेऱ्यासाठी एक म्हातारा, एक धनुष्य, थोडं पाणी. यापुढे येणारे दहा हजार कॉम्प्युटरचे सैनिक आपण खरे मानतो कारण हा एक माणूस आपण खरा मानलाय. मी नवीन मुलांना कामाला घेतो तेव्हा हा सीन दाखवतो, इफेक्ट्स सुरू व्हायच्या आधी कट करतो आणि विचारतो की आत्तापर्यंत भीती कशाची वाटली.

तिसऱ्या भागातही असाच एक तुकडा आहे, आणि माझ्या मते तिन्ही भागांतला तो सगळ्यात कापरं भरवणारा. मिनास तिरिथचा कारभारी डेनेथॉर आपल्या नकोशा मुलाला, फॅरामिरला, मरण निश्चित असलेल्या हल्ल्यावर पाठवतो आणि स्वतः जेवायला बसतो. पिपिनला गाणं म्हणायला सांगतो. ती चाल बिली बॉइडने स्वतः लावलीय. एकीकडे घोडदळ सरळ रेषेत दौडत निघालंय, समोर धनुष्यं ताणलेली, आणि इकडे हा माणूस कोंबडीचा तुकडा ओढून तोडतोय, छोटे टोमॅटो तोंडात टाकतोय, लाल रस हनुवटीवर ओघळतोय. तलवार कुणालाच लागलेली दिसत नाही. लढाई दाखवलीच नाही! रस दाखवला. ज्या पिक्चरमध्ये दीड हजार इफेक्ट शॉट्स आहेत त्यातला हा सीन एका टेबलावर होतो आणि वीस वर्षांत त्याच्यावर धुळीचा कणही बसलेला नाही.

म्हणून मी वर म्हणालो की कथेतही तसंच आहे. जिथे कुणाला तरी काहीतरी किंमत मोजावी लागते ते प्रसंग ताजे आहेत. फॅरामिरचा मोठा भाऊ बोरोमिर घ्या. लहानपणी तो आपल्याला व्हिलनसारखा वाटतो. आता मोठेपणी, घरची जबाबदारी डोक्यावर आल्यावर बघा, त्याच्यासारखा कळणारा माणूस दुसरा नाही, त्याचं शहर जळतंय, बाप अपेक्षा ठेवून बसलाय आणि हत्यार, म्हणजे ती अंगठी, हाताच्या अंतरावर आहे. मेरी आणि पिपिनला तो तलवार शिकवतो आणि हसत हसत त्यांच्याबरोबर गवतात लोळतो तो छोटा सीन नीट बघा, कारण शेवटी तो त्याच दोघांसाठी बाण झेलतो. शॉन बीनने जीव ओतलाय. उलट लेगोलास आणि गिम्ली हा बुटका ड्वॉर्फ योद्धा कुणी किती शत्रू मारले ते मोजतात तिथे कुणाचंच काही जात नाही, आणि गिम्लीला दुसऱ्या-तिसऱ्या भागात जवळपास विदूषक करून टाकलंय हे मला आता जास्त खटकतं, पहिल्या भागात मोरियात आपल्या चुलतभावाच्या, बालिनच्या, कबरीपाशी रडणारा गिम्ली मोठा होता. त्यांच्याबरोबरचा योद्धा अॅरागॉर्न कड्यावरून पडतो आणि परत येतो तो सगळा फेरा काढून टाकला तरी फरक पडत नाही. सॅमला फ्रोडो घरी पाठवून देतो तेही मला आजपर्यंत पचलेलं नाही.

एक गोष्ट मुलीशी बोलावी लागेल आणि ती टाळू नका. वाईटाच्या बाजूने लढणारी माणसं दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून येतात, डोकी-तोंडं गुंडाळलेली, डोळ्यांत काजळ, हत्तींवर बसून. चांगली माणसं गोरी. आपण भारतात बसून हे बघतो तेव्हा ते जाणवणारच, तेव्हा वय लहान होतं म्हणून जाणवलं नसेल. पुस्तक १९५४-५५ सालचं आहे, पण पिक्चर आपल्या काळातला आहे आणि तिथे थोडा विचार करता आला असता. एक्स्टेंडेडमध्ये फॅरामिर एका मेलेल्या शत्रू सैनिकाकडे बघून म्हणतो की हा कुठून आला असेल, खरंच दुष्ट होता का, की घरीच राहायला आवडलं असतं त्याला. काही सेकंदांचा संवाद आहे, पण तो असल्यामुळे त्या बाजूलाही माणसं आहेत एवढं तरी दिसतं, आणि थिएटरच्या व्हर्जनमधून तो काढला याचं मला वाईट वाटतं. बायकाही मोजक्याच आहेत, पण एओविन मुलीला आवडेल याची खात्री देतो. आणि तिला हेही सांगा की रोहनच्या घोडदळाची ती जगप्रसिद्ध चढाई आहे ना, त्यात अडीचशेच्या आसपास खरे घोडे होते आणि स्वारांमध्ये खोट्या दाढ्या लावलेल्या बायका पुष्कळ होत्या, कारण तिथे चांगलं घोडेस्वारी करणाऱ्यांत त्याच जास्त.

शेवट लांबतो अशी तक्रार सगळ्यांची असते, पाच वेळा संपतो म्हणतात. तरुण असताना मीही खुर्चीत चुळबुळ केली असेल, पण आता मला त्यातला एकही शेवट नको आहे असं वाटत नाही. मूळ पुस्तकाचा लेखक टॉल्किन १९१६ साली सॉमच्या लढाईत होता, त्याचे जवळचे मित्र त्या युद्धात गेले. युद्ध जिंकलं, घरी आलो, पुढे काय, हा त्याच्या गोष्टीचा गाभा आहे आणि जॅक्सनने त्यातला एक मोठा भाग, शायर हा हॉबिटांचा मुलूख उद्ध्वस्त झाल्याचा, गाळलाय. पण त्याच्या जागी एक सीन ठेवलाय, चौघं हॉबिट्स गावातल्या खानावळीत बसलेत, आजूबाजूला लोक एका भल्यामोठ्या भोपळ्याचं कौतुक करतायत, यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, यांना सांगायचंय पण सांगणार कुणाला. चौघं एकमेकांकडे बघतात आणि पेले उचलतात. एक शब्द नाही. हा सीन कापला असता तर फ्रोडो शेवटी का निघून जातो ते कळलंच नसतं.

संगीताबद्दल मी तज्ज्ञ नाही पण एक सांगतो, संगीतकार हॉवर्ड शोरच्या सुरावटींचा धागा पकडून बघा. अंगठीबरोबर निघणाऱ्या नऊ जणांची ती थीम सुरुवातीला तुकड्यांत येते, रिव्हेंडेल या एल्फांच्या ठिकाणाहून सगळे एकत्र निघतात तेव्हा कुठे पूर्ण वाजते, आणि मोरियात गँडाल्फ पडल्यावर पुन्हा विस्कटते. रोहनसाठी नॉर्वेचं हार्डांगर फिडल हे व्हायोलिनसारखं वाद्य आहे. पुन्हा बघण्यातला खरा फायदा इथे आहे, पहिल्या वेळी हे कानावरून जातं.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो. प्रभातच्या १९३६ सालच्या संत तुकाराममध्ये शेवटी विमान येतं. ते ट्रिक शॉट आज कुठल्याही पोराला कळतात. तरी थिएटरात लोक हात जोडतात, कारण तोपर्यंत दीड-दोन तास विष्णुपंत पागनिसांचा चेहरा बघितलेला असतो. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधले कमजोर शॉट्सही आपण असेच पार करतो. आणि त्याच दिग्दर्शकाच्या हॉबिट ट्रिलॉजीत, २०१२ ते २०१४, कितीतरी चांगली मशिनं, जास्त शॉट्स, प्रति सेकंद ४८ फ्रेम्स, सगळं असूनही ते होत नाही, कारण नट एकमेकांसमोर नाहीत. मॅककेलनला ग्रीन स्क्रीनमध्ये एकट्याला बसवून ड्वॉर्फ्सचे फोटो समोर लावून संवाद म्हणायला लावले आणि तो माणूस रडकुंडीला आला होता, हे त्याने स्वतः सांगितलंय. ते एकटेपण पडद्यावर दिसतं.

आता कुठलं व्हर्जन. तिन्ही एक्स्टेंडेड मिळून साडेअकरा तासांच्या आसपास जातात. माझा सल्ला सगळ्यांसारखा नाही. पहिला भाग एक्स्टेंडेडच बघा, शायरला जास्त वेळ मिळतो आणि निरोपाच्या वेळी गॅलाड्रिएल ही एल्फ सगळ्यांना भेटवस्तू देते ते पूर्ण येतं. दुसराही एक्स्टेंडेड, फॅरामिरसाठी, त्याचा, बोरोमिरचा आणि बापाचा एक जुना प्रसंग त्यात आहे आणि तो नसला तर तिसऱ्या भागातलं टोमॅटोचं जेवण अर्धंच कळतं. तिसरा मात्र पहिल्यांदा साधाच दाखवा. एक्स्टेंडेडमध्ये सारुमान या दुष्ट जादूगाराचा शेवट आहे, त्याचं काम करणाऱ्या क्रिस्टोफर लीला थिएटरच्या व्हर्जनमधून पूर्ण कापलं होतं आणि ते चुकीचंच झालं, पण त्याच व्हर्जनमध्ये अॅरागॉर्न जहाजं ताब्यात घेतो ते आधीच दाखवून टाकलंय, त्यामुळे जहाजं किनाऱ्याला लागतात आणि त्यातून कोण उतरतं याचा धक्काच जातो. मुलीला तो धक्का एकदा मिळू द्या, मग सारुमान दुसऱ्या वेळी.

प्रिंटचं म्हणाल तर २०२० साली आलेली ४के बघा, त्यात तिन्ही भागांचा रंग एकसारखा केलाय. २०११ च्या ब्लू-रेमध्ये पहिल्या एक्स्टेंडेड भागावर हिरवट झाक आहे, बर्फसुद्धा हिरवा वाटतो. ४के मध्ये फिल्मचा ग्रेन, म्हणजे चित्रावरचे बारीक दाणे, जरा जास्तच पुसलाय, चेहरे कुठे कुठे गुळगुळीत झालेत, आणि इफेक्ट्स मुळात २के मध्ये केलेले असल्यामुळे ट्रीबिअर्डवर बसलेली पोरं आणखी उघडी पडतात, हे धरून चाला. तरी २०१५ मध्ये गेलेल्या कॅमेरामन अँड्र्यू लेस्नीच्या फोटोग्राफीला न्याय इथेच जास्त मिळतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा, वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात, पण पिक्चर सिरियलसारखा गुळगुळीत दिसत असेल तर ते चालू आहे असं समजा, आणि ते चालू असलं की मिनिएचर्स खेळण्यासारखी दिसतात. खोलीत अंधार करा, मोरिया आणि हेल्म्स डीप उजेडात बघण्यात अर्थ नाही. टीव्हीचे स्पीकर बारीक असतील तर साधा साउंडबार तरी लावा. अकरा वर्षं म्हणजे वय ठीक आहे, फक्त तिसऱ्या भागात शेलॉब ही महाकाय कोळीण येते आणि शहरात माणसांची कापलेली मुंडकी फेकतात, त्याची आधी कल्पना द्या. कोळ्याला घाबरत असेल तर तो भाग दिवसा बघा, चालेल. आणि सलग तीन रात्री बसू नका, एकेका भागात आठवडाभराचं अंतर ठेवा, मधल्या दिवसांत ती स्वतःच विचारायला लागेल की गँडाल्फचं पुढे काय झालं, तेव्हा काही सांगू नका.